डावे बाक, उजवे बाक

चर्चच्या मंडळीचा शंभर वर्षांचा इतिहास शनिवारी दुपारी मिस्त्रींच्या कारखान्यात मंजूर व्हायचा होता, आणि पहिला चहा संपला तरी तो पहिल्या बाप्तिस्म्याच्या पुढे सरकला नव्हता.

"ते चंचुपात्र काढ," मिस्त्री म्हणाले.

"पण बाबा, ते खरं आहे," थोरली सून म्हणाली. "चर्च बांधून व्हायचं होतं. उपासना कॉलेजच्या रसायनाच्या वर्गात भरायची. पाणी आणायला दुसरं भांडंच नव्हतं."

"खरं आहे म्हणून काय सगळं वाचायचं? उद्या पाच-पाच माजी पाळक येणार. त्यांच्यापुढे सांगायचं, की आमच्या पहिल्या पोराचा बाप्तिस्मा अ‍ॅसिडच्या भांड्यातून झाला?"

"धुतलं होतं की," थोरलीचा नवरा म्हणाला. "आणि ते पोर म्हणजे आपलेच आजोबा. चांगले धडधाकट निघाले."

"म्हणूनच या घराण्याला जरा काही बोललं की फेस येतो," धाकटी जाऊ म्हणाली, आणि बिस्किट चहात बुडवून मोकळी झाली.

हा इतिहास थोरलीच्या गळ्यात पडला तो तिच्या नोकरीमुळे. चर्चच्या समोरच कॉलेजचं मागचं फाटक, त्या कॉलेजात ती इतिहास शिकवायची, तेव्हा मंडळीचा इतिहास दुसऱ्या कुणी लिहिणं बरं दिसलं नसतं. लिहायला दोन आठवडे पुरले. मंजूर करून घ्यायला किती लागतील ते देवालाच ठाऊक. प्रेसबिटेरियन मंडळीत बिशप नसतो, सगळा कारभार लोकांनी निवडून दिलेले पंच, ज्यांना 'वडील' म्हणतात, ते बघतात, आणि वरून हुकूम सोडणारं कुणी नसल्यामुळे घरोघरी एकेक हुकूम सोडणारा तयार होतो. या घरात तो मान थोरलीच्या सासऱ्यांचा होता. चर्चचे सगळे बाक आणि कॉलेजच्या प्रयोगशाळांची सगळी टेबलं त्यांच्या घराण्याने केलेली, म्हणून सारं जग त्यांना मिस्त्री म्हणायचं. त्यांच्या वडिलांना थोरले मिस्त्री म्हणायचे. घरात एवढी माणसं मावतील असं टेबल नव्हतं, म्हणून कारखान्यातलंच कामाचं टेबल झाडून घेतलं होतं, आणि चहाची किटली रंधा आणि सरसाच्या डब्याच्या मध्ये ठेवली होती.

"पुढे वाच," मिस्त्री म्हणाले.

"'कॉलेजातले पाच प्राध्यापक आणि कॉलेजची दारं-खिडक्या करायला आलेले चार सुतार यांनी मिळून...'"

"आधी सुतार."

"प्राध्यापक जास्त होते, बाबा."

"दारं-खिडक्या नसत्या तर प्राध्यापक कुठून आत गेले असते?"

आधी सुतार झाले. मग प्रभुभोजनाच्या छोट्या प्याल्यांचा ट्रे परीक्षानळ्यांच्या स्टँडवरून बेतला होता, ते वाक्य राहिलं, कारण तो ट्रे याच कारखान्यात झाला होता. मग कॉलेजची घंटा आणि चर्चची घंटा एकच होती, आणि एकदा उपदेश फारच लांबला तेव्हा शिपायाने तास संपल्याची घंटा देऊन टाकली, ते वाक्य मिस्त्रींनी दोनदा वाचून घेतलं आणि स्वतःच हसले. थोरलीला वाटलं, आता वारं आपल्या बाजूने आहे. तिने पान उलटलं आणि मनातल्या मनात हात जोडले, कारण आता तिचं वाक्य येणार होतं. सगळा इतिहास तिने त्या एका वाक्यासाठी अंगावर घेतला होता.

त्याचं असं होतं. या मंडळीत जुन्या रिवाजाप्रमाणे प्रार्थनेला उभं राहायचं आणि गायला बसायचं. पण ते फक्त उजव्या बाकांवर. डाव्या बाकांवर प्रार्थनेला बसायचं आणि गायला उभं राहायचं. पाळकांनी नुसतं "आपण प्रार्थना करू या" म्हणायची खोटी, की अर्धं चर्च खाली आणि अर्धं वर. गीत लागलं की वरचे खाली, खालचे वर. कॉलेजात नव्याने आलेली मुलं पहिल्या रविवारी आपण कवायतीला आलो की काय म्हणून एकमेकांकडे बघत. चौसष्ट वर्षांपूर्वी डाव्यांनी हा पंथ काढला. त्यावर दोन्हीकडून व्याख्यानं झाली, दोन पाळक वैतागून बदली मागून गेले, आणि सख्खे भाऊ वाटेत भेटले तर हवापाण्याबद्दल बोलून पुढे जाऊ लागले. मिस्त्री डाव्यांचे पुढारी. आणि उजव्यांचे पुढारी म्हणजे रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, ज्यांना अख्खं कॉलेज नुसतं 'सर' म्हणे, ते थोरलीचे सख्खे वडील.

थोरली उजवीकडे जन्मली आणि लग्न होऊन डावीकडे आली. अंतर तीन पावलांचं, पण लग्नाच्या दिवशी ती मधली वाट ओलांडताना तिची आई ढसाढसा रडली होती. आता आई नव्हती. सर उजवीकडे पहिल्या बाकावर एकटे असायचे, वय त्र्याऐंशी, गुडघे केव्हाच कामातून गेलेले, आणि गेल्या महिन्यात लांब प्रार्थनेत उभ्या उभ्या त्यांना भोवळ आली. थोरली डावीकडे डोळे मिटून बसली होती. तिने धप्पकन आवाज ऐकला. पाच-सात जणांच्या गुडघ्यांवरून उड्या मारत ती पोचेपर्यंत भलत्याच कुणीतरी वडिलांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, उभं राहायचं नाही. सरांनी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, प्रार्थनेला बसणारी माणसं पलीकडे असतात. तिने शेजारी बसायला येते म्हटलं तर म्हणाले, "मला राखायला बसणार? चार लोकांत माझं हसं नको करूस. आपल्या सासरच्या बाकावर बस." आणि उद्या शंभराव्या वर्षाच्या उपासनेत पाच माजी पाळक एकापाठोपाठ एक प्रार्थना करणार होते. त्यांतला एकही थोडक्यात आटपणारा नव्हता.

तिने घसा साफ केला.

"'प्रार्थनेत उभं राहणं आणि बसणं या दोन्ही रीती प्रार्थनापूर्वक, खोल विचारातून आल्या. दोन्ही सारख्याच पवित्र आहेत. तेव्हा यापुढे ज्याला उभं राहावंसं वाटेल त्याने उभं राहावं, ज्याला बसावंसं वाटेल त्याने...'"

"नाही," मिस्त्री म्हणाले.

"बाबा, पप्पांसाठी. हे चर्चात वाचलं, मंडळीच्या दोन्हीकडच्या वडिलांच्या सहीने, तर त्यांना बसता येईल. त्यांची मान खाली जाणार नाही."

"तुझ्या वडिलांच्या प्रकृतीची मलाही काळजी आहे. पण सारख्या कशा? माझ्या बाबांनी रान उठवलं होतं. दावीद राजा देवापुढे जाऊन बसला, हे त्यांनी भर बैठकीत काढून दाखवलं. ती चळवळ होती, सूनबाई. खोल विचारातून..."

इतक्यात टेबलाच्या टोकाकडून प्रेशर कुकरची शिट्टी सुटावी तसा आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. मिस्त्रींची धाकटी बहीण, बेबीआत्या, तोंडाला रुमाल लावून गदागदा हलत होत्या.

"बेबी," मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बदलला. "चहा संपव आणि आत जा."

"खोल विचार!" बेबीआत्यांच्या तोंडून एवढंच निघालं, आणि मग त्या टेबलावर डोकं टेकून हसू लागल्या. "दादा, अरे, खोल... माझा निळा फ्रॉक... अजून त्या बाकावर..."

"बेबी!"

आता एका बहिणीला गप्प करायचं तर समोर मुलगा आणि दोन सुना नसाव्या लागतात. धाकटीने खुर्ची ओढून आत्यांच्या शेजारी नेली. थोरलीच्या नवऱ्याने त्यांना पाणी दिलं. मिस्त्री उठले, पलीकडे जाऊन एक फळी शिकंज्यात आवळली आणि जोरजोरात रंधा मारू लागले, पण आत्यांचा आवाज रंध्याच्या वरचा होता.

"वार्निश," आत्या डोळे पुसत म्हणाल्या. "चळवळ कसली न् काय! बाबांनी नवीन वार्निश केलं होतं. शुक्रवारी डाव्या बाकांना लावलं, उजवे पुढच्या आठवड्यात करायचे होते. रविवारी हात लावून बघितलं तर वाळलेलं वाटलं. आम्ही बसलो. अर्धा तास उपदेश झाला. एवढी माणसं, एवढी ऊब. पाळक म्हणाले, आपण प्रार्थना करू या. उजवीकडचे उठले. आम्ही उठायला गेलो, आणि..."

"आणि?" धाकटी म्हणाली.

"चर्र! मी नऊ वर्षांची. माझा फ्रॉक मागून फाटला. कंपाउंडरच्या बायकोच्या कोटाची शिवण उसवली. बाबा पुढच्या बाकावर, मंडळीचे वडील, अर्धवट उठलेले. त्यांना कळलं काय झालंय ते. त्यांनी मागे वळून हाताने खूण केली, बसा. सगळे बसले. दुसरं करणार काय? पाळकांचं तोंड बघण्यासारखं झालं."

थोरलीच्या हातातला कागद खाली गेला होता. "पण आशीर्वादानंतर? डावीकडचे आशीर्वादानंतर पाच मिनिटं बसून राहतात, ते मौन मनन..."

"अगं, सगळे गेल्याशिवाय उठणार कसे?"

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी सासूबाईंनी थोरलीचा हात धरून तिला सांगितलं होतं, की हे मौन म्हणजे आपल्या बाजूचा सगळ्यात मोठा ठेवा आहे. त्या मौनात ती किती वर्षं डोळे मिटून बसली होती, आईच्या आजारपणात तिथे किती रडली होती. आणि मग तिच्या डोळ्यांपुढे ती पहिली मौन माणसं आली, देवाला नव्हे तर दाराला नजर लावून बसलेली, आणि तिच्या पोटातून हसू असं उसळलं की तिने नवऱ्याचा दंड धरला. नवरा आधीच टेबलावर हात आपटत होता. धाकटी तर खाली भुशातच बसली.

"पाळक दुसऱ्या दिवशी घरी आले," आत्या सांगतच होत्या. "ओरडणार, म्हणून आई पडद्याआड. तर त्यांच्या डोळ्यांत पाणी. म्हणाले, एवढं मौन मी कुठे पाहिलं नाही, पण प्रार्थनेला का बसलात? आता बाबांची पंचाईत. आपल्याच मालाला नावं ठेवावीत तर धंदा बसतो, कॉलेजच्या टेबलांचं काम तोंडाशी आलेलं. त्यांनी दावीद राजाला पुढे केलं. एकदा केलं म्हणजे पुढच्या रविवारीही बसणं आलं. मग कुणीतरी म्हणालं, सारखं बसलेलंच बरं दिसत नाही, निदान गायला तरी उभं राहू."

"म्हणजे आम्ही बरोबर होतो!"

हे दारातून आलं. दारात सर उभे होते. काळा कोट, हातात काठी, मसुदा मंजूर करायला उजव्यांच्या वतीने आलेले. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक, पण चेहऱ्यावरून निदान फ्रॉकपासून तरी असावेत.

"पप्पा, आधी बसा," थोरली म्हणाली.

"बसतील ते बाकाला चिकटलेले! चौसष्ट वर्षं आम्ही यांना पाखंडी समजत होतो, आणि हे नुसते ओले होते!"

मिस्त्रींचा रंधा थांबला. सर आणि मिस्त्री पोरवयापासून एकमेकांना अरे-तुरे करत. थोरलीच्या लग्नानंतर व्याही म्हणून अहो-जाहो सुरू झालं. भांडण पेटलं की मात्र ते अहो-जाहो पहिल्यांदा गळून पडायचं.

"हसतोस काय?" मिस्त्री म्हणाले. "वार्निश लवकर वाळावं म्हणून प्रयोगशाळेतून पावडरची पुडी आणून दिली ती कुणी?"

थोरलीने वडिलांकडे बघितलं. सरांची काठी जराशी हलली.

"दादा, ते नको सांगायचं ठरलं होतं," आत्या आनंदाने म्हणाल्या.

"मी विद्यार्थी होतो," सर म्हणाले. "आणि मी चमचाभर सांगितली होती. ती जास्त झाली की वरून वाळतं आणि आतून चिकट राहतं, हे पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं. तुझ्या वडिलांनी अख्खी पुडी ओतलेली दिसते."

"चमचाभर टाकायची होती तर अख्खी पुडी दिलीस कशाला?"

"अरे, मीठ मागितलं तर माणूस बरणीच देतो ना! बरणी कुणी वरणात उपडी करतं का?"

"माझ्या बाबांबद्दल बोलायचं काम नाही!"

"मी मिठाबद्दल बोलतोय!"

चौसष्ट वर्षांचा धर्मवाद असा एका मिनिटात स्वयंपाकघरात येऊन पडला. थोरलीच्या नवऱ्याने मध्ये पडून सासऱ्यांना खुर्ची दिली, तर मिस्त्रींनी त्याला विचारलं तू कुणाचा मुलगा. धाकटी, जी गेली दहा वर्षं डाव्यांच्या गायकवर्गाची पुढारी होती, ती म्हणाली की शास्त्रीयदृष्ट्या सरांचं बरोबर वाटतं. आत्या म्हणाल्या, फ्रॉकचं काय? आणि या सगळ्या गोंधळात सर ताठ झाले, कोटाची बटणं लावली आणि दारात वळून म्हणाले, "इतिहास मंजूर आहे. वार्निशासकट. आता तर सिद्धच झालं, प्रार्थनेला उभं राहणारेच खरे. उद्या मी पाचही प्रार्थनांना उभा राहणार. तेही काठी न घेता!"

ते गेले. बाकीचे अजून हसत होते, आणि थोरलीही हसतच होती, पण हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपले डोळे नुसत्या हसण्याने भरलेले नाहीत. ती उठली आणि मिस्त्रींच्या शिकंज्यापाशी जाऊन उभी राहिली.

"ते उद्या पडतील, बाबा," ती म्हणाली. "काठी नाही, पाच प्रार्थना. आणि मी पलीकडच्या बाकावर बसून आवाज ऐकत राहीन. मागच्या वेळी ऐकला तसा. माझं वाक्य तुम्ही मंजूर केलं असतंत तर हे झालं नसतं."

मिस्त्रींनी फळीवरून अंगठा फिरवला. एक टोक अजून खडबडीत होतं. त्यांनी त्यावर आणखी दोन हात मारले, मग भुसा फुंकला.

"उद्या सगळं वाच," ते म्हणाले.

"काय सगळं?"

"वार्निश, फ्रॉक, कंपाउंडरची बायको. चंचुपात्रसुद्धा."

"पण आजोबांचं नाव? तुम्ही इतकी वर्षं सांभाळलंत."

"माझे बाबा एका रविवारी बाकाला चिकटले, एवढ्यासाठी काही त्यांना स्वर्गातून उठवणार नाहीत."

"आणि पप्पा? ते तर आणखीच ताठ उभे राहतील."

"त्याचं मी बघतो," मिस्त्री म्हणाले, आणि पुढे काही बोलायला तयार होईनात.

रात्रभर तिने अंदाज बांधले. बाबा पप्पांना भेटायला जातील? पाळकांना सांगून प्रार्थना कमी करतील? सकाळी तसं काहीच झालं नव्हतं. नवे पाळक, जे या मंडळीत येऊन जेमतेम सहा महिने झाले होते आणि अजून प्रार्थनेला कुणीकडे बघावं या संभ्रमात होते, त्यांनी तिला दारातच सांगितलं की पाचही माजी पाळक खणखणीत तयारीत आहेत.

चर्च गच्च भरलं होतं. मागच्या बाकांवर कॉलेजची मुलं, पुढे घराणी, डावीकडे डावी, उजवीकडे उजवी. सर उजवीकडच्या पहिल्या बाकावर काठीशिवाय आले होते आणि ते सगळ्यांना दिसावं म्हणून दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून बसले होते. थोरली वाचायला उभी राहिली.

चंचुपात्राला लोक नुसते खुसखुसले. शिपायाच्या घंटेला मागची मुलं मोठ्याने हसली. वार्निशाला आल्यावर तिने एकदा मिस्त्रींकडे बघितलं. ते समोर भिंतीकडे बघत होते. तिने वाचलं. 'चर्र'पर्यंत आली तेव्हा उजवे बाक हादरू लागले. मौन मननावर डावीकडच्या एका म्हाताऱ्या नर्सने "अरे देवा!" म्हणून कपाळाला हात लावला आणि ती इतकी हसली की तिची कवळी सांभाळायला लागली. पुडी कुणी आणून दिली ते ऐकल्यावर डाव्यांनी उट्टं काढलं. माजी पाळकांपैकी सगळ्यात वयोवृद्ध, ज्यांनी या भांडणाला कंटाळून बदली मागितली होती, ते व्यासपीठावर चष्मा काढून रडत होते की हसत होते ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. बेबीआत्या तर अर्धवट उठून, मान वळवून, आपला बाक कुठला ते मागच्या मुलांना दाखवत होत्या.

थोरली जागेवर येऊन बसली. तिला काही दिसत नव्हतं, नुसते वडिलांचे उघडे हात दिसत होते.

नवे पाळक पुढे आले. "आपण प्रार्थना करू या," ते म्हणाले, आणि नेहमीसारखं त्यांनी आधी उजवीकडे, मग डावीकडे बघून घेतलं.

उजवीकडचे उठले. सर सगळ्यांत आधी उठले, पुढच्या कठड्याला हातही न लावता. त्यांचा एक पाय थरथरताना तिला तीन पावलांवरून दिसला.

तेवढ्यात तिच्या शेजारी बाक करकरला. मिस्त्री उठत होते.

उठताना त्यांनी हुं केलं, एक हात गुडघ्यावर, एक हात पाठीवर. पूर्ण उभे राहिले आणि मागे वळून त्यांनी हाताने खूण केली: उठा. धाकटी उठली. थोरलीचा नवरा उठला. नर्स कवळीवर हात ठेवून उठली. मग बाकामागून बाक, हसू दाबत, कोपरखळ्या मारत, अख्खी डावी बाजू चौसष्ट वर्षांनी प्रार्थनेला उभी राहिली. थोरलीही उभी राहिली, आणि सगळं चर्च एका उंचीचं झालेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं. पाळक प्रार्थना सुरू करायचं विसरून बघतच राहिले.

सर मधल्या वाटेपलीकडून मिस्त्रींकडे बघत होते. मिस्त्री त्यांच्याकडे बघत होते. मिस्त्रींनी मान किंचित लववली, हरलेल्या माणसाने लववावी तशी.

"ठीक आहे," सर म्हणाले. वर्गात शिकवायचे त्या आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा. "इतकी वर्षं तुमच्या वाट्याचं आम्ही उभे राहिलो. आता आमच्या वाट्याचं तुम्ही राहा."

आणि ते बसले. नुसते बसले नाहीत, मागे टेकून, पाय लांब करून, जिंकलेल्या माणसाने बसावं तसे ऐसपैस बसले. त्यांचं बघून उजवीकडच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि किती वर्षं कुणीतरी सांगण्याची वाट बघत असल्यासारखं धपाधप बसून घेतलं. बेबीआत्यांच्या तोंडून पुन्हा ती कुकरची शिट्टी सुटली. थोरलीला मोठ्याने ओरडावंसं वाटलं, नाचावंसं वाटलं, पण वयोवृद्ध पाळकांनी हात वर करून सुरुवात केली होती, "हे कृपाळू पित्या, शंभर वर्षांपूर्वी," आणि शंभर वर्षांपूर्वीपासून आजपर्यंत ते एकही वर्ष सोडणार नव्हते.

तिने डोळे मिटले नाहीत. पलीकडे वडील डोळे मिटून, हात जोडून, आरामात बसले होते, आणि त्यांचा चेहरा शांत होता. बऱ्याच वेळाने तिला शेजारी काहीतरी हलल्यासारखं वाटलं. मिस्त्रींनी पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गुडघे पँटच्या आत लटलट कापत होते, पण मान वर होती.

"कितवी चालू आहे?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"पहिलीच, बाबा," ती म्हणाली, आणि त्यांचा हात उचलून तिने आपल्या खांद्यावर घेतला.